तेलविहिरीत लेसर: विहीर खोदायला की शेवटची भोकं पाडायला?

गारगोटी (धागालेखिका)

गप्पांच्या पानावर परवा कुणीतरी लिहिलं होतं, "अमेरिकेत आता लेसरने विहिरी खोदतात, ड्रिल बिटचे दिवस भरले." तिथेच उत्तर लिहायला घेतलं, पण ते लांबत गेलं म्हणून वेगळा धागा काढतेय. मी ह्यूस्टनला कंप्लीशनचं काम करते. विहीर खोदून झाली, पोलादी केसिंग उतरलं, त्यामागे सिमेंट भरलं, की त्या बंद नळात तेल-वायू यावा म्हणून जी जी कामं करावी लागतात त्यांना आमच्याकडे कंप्लीशन म्हणतात. शिकत असताना प्रयोगशाळेत खडकावर लेसर मारून पाहिलाय, त्यामुळे विषय जिव्हाळ्याचा आहे.

सुरुवात १९९७ ची. अमेरिकेतल्या गॅस रिसर्च इन्स्टिट्यूटला प्रश्न पडला, की क्षेपणास्त्रं पाडण्यासाठी लष्कराने एवढे लेसर बनवले, त्यांनी खडक फुटतो का? कोलोरॅडो स्कूल ऑफ माइन्समधल्या रमोना ग्रेव्ह्ज आणि त्यांचे सहकारी खडकाचे नमुने घेऊन न्यू मेक्सिकोत व्हाइट सॅन्ड्सला गेले. तिथे 'मिरॅकल' नावाचा मेगावॉट ताकदीचा रासायनिक लेसर होता. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये ह्याच लेसरचा झोत एका उपग्रहावर टाकून पाहिला होता, यावरून ताकदीची कल्पना येईल. पुढे अल्बुकर्कच्या कर्टलंड हवाई तळावरचा ऑक्सिजन-आयोडीन लेसरही वापरला. वाळूखडक, चुनखडक, शेल, ग्रॅनाइट, जे जे समोर ठेवलं त्या सगळ्याला भोक पडलं. बिटपेक्षा कित्येक पट वेगाची भाषा सुरू झाली ती तेव्हा.

मग हिशेब मांडायची वेळ आली. एक घन सेंटिमीटर खडक काढायला ऊर्जा किती लागते? शिकागोजवळच्या आर्गॉन राष्ट्रीय प्रयोगशाळेत छोट्या लेसरने हे काम बारकाईने झालं, आणि त्यातली एक गोष्ट मला अजूनही सुंदर वाटते. लेसर जास्त ताकदीचा म्हणजे काम जास्त, असं होत नाही. झोत बेताचा असेल तर खडक वितळायच्या आधीच तडतडून त्याच्या कपच्या उडतात, आणि एवढ्यावर काम स्वस्तात होतं. ताकद वाढवली की खडक वितळतो, काच होते, आणि मग झोताची बरीचशी ऊर्जा ती काच उकळण्यातच जाते. उडालेल्या कपच्या भोकातून बाहेर काढल्या नाहीत तरी हेच होतं, पुढचा प्रकाश आधीच सुटलेल्या कपच्यांवर खर्च होतो. म्हणून झोताबरोबर नायट्रोजनचा जोरदार फवारा लागतो.

चुनखडकाचा नमुना ठेवला होता तो दिवस मला लख्ख आठवतो. वाळूखडकासारखा तो तडतडला नाही. झोत पडला तिथे पांढरीशुभ्र भुकटी झाली. थंड झाल्यावर मी तिच्यावर ड्रॉपरने पाण्याचे चार थेंब टाकले, तर तिने चुर्र आवाज केला, फुगली आणि बशी हाताला गरम लागली. आमच्या गावी चुनाभट्टी होती. कळीचा चुना विरताना लहानपणी पाहिलेला, तेच समोर घडत होतं. नऊशे अंश सेल्सिअसच्या आसपास चुनखडकातला कार्बन डायऑक्साइड निघून जातो आणि कळीचा चुना उरतो. एवढी उष्णता त्या रासायनिक कामात जाते म्हणून चुनखडक लेसरला महाग पडतो.

आता माझं मत. आख्खी विहीर लेसरने खोदायच्या नादाला लागून या तंत्राची पंचवीस-तीस वर्षं गेली. त्याची खरी जागा विहिरीच्या तळाशी, शेवटच्या वीत-दोन वीतभर अंतरात आहे. म्हणजे पर्फोरेशन, केसिंगमधून खडकात पाडायची भोकं.

आज ही भोकं स्फोटकांनी पाडतात. मुठीएवढे, शंकूच्या आकाराचे स्फोटक चार्ज, आत तांब्याचं अस्तर. स्फोट झाला की ते अस्तर चिरडून सेकंदाला सात-आठ किलोमीटर वेगाची सळई होते आणि पोलाद, सिमेंट, खडक भेदून जाते. दुसऱ्या महायुद्धातल्या रणगाडाभेदी शस्त्रांचंच हे तत्त्व. पण ही सळई खडक काढून टाकत नाही, बाजूला दाबते. भोकाभोवती चिरडलेल्या, गच्च दाबल्या गेलेल्या खडकाचं कवच तयार होतं, आणि ज्या वाटेने तेल यायचं तीच वाट आपण आपल्या हाताने बुजवतो. लेसरने पाडलेल्या भोकाच्या भिंतीत उलट घडतं. वाळूखडकातल्या चिकणमातीतलं पाणी उडून ती आक्रसते, बारीक भेगा पडतात, आणि खडकाची पार्यता, म्हणजे तेल-वायू आतून वाहू देण्याची क्षमता, मोजली तर आधीपेक्षा वाढलेली सापडते. गॅस टेक्नॉलॉजी इन्स्टिट्यूटने ५.३४ किलोवॉटच्या फायबर लेसरने प्रयोगशाळेत पोलाद, सिमेंट आणि खडक असा थर सलग भेदून दाखवला त्यालाही आता बरीच वर्षं झाली. दहरानला सौदी अरामको लेसर पर्फोरेशनच्या अवजारांवर काम करते आहे.

इथे तेलवाले, बोअरवाले, फायबरवाले सगळेच आहेत. कुणाचं काही वेगळं म्हणणं असेल तर नक्की लिहा.

जतकर_बोअरवाले

ताई, लेख दोनदा वाचला. माझी गाडी जत तालुक्यात चालते, अधूनमधून कर्नाटकातही जाते. एकच विचारतो. साडेसहा इंची बोअर, काळा पाषाण, दोनशे फूट. आमचा हॅमर सकाळी लावला तर दुपारच्या जेवणापर्यंत मोकळा होतो. वीस फुटांचा एक रॉड, असे दहा रॉड. बिटची बटणं झिजतात, डिझेल जळतं, कॉम्प्रेसर बिघडला की दिवस बुडतो, हे सगळं आहेच. लेसरला किती वेळ लागेल? आकडा सांगा, म्हणजे आम्हाला कळेल.

गारगोटी

दादा, प्रश्न नेमका विचारलात. आकडेमोड करून सांगते.

साडेसहा इंची बोअरमध्ये एका मीटरला सुमारे २१,४०० घन सेंटिमीटर खडक निघतो. काळ्या पाषाणाचं म्हणजे बेसॉल्टचं वजन घन सेंटिमीटरला २.९ ग्रॅम धरलं तर हे ६२ किलो झाले. एक किलो बेसॉल्ट तापवून वितळवायला साधारण १.६ मेगाज्यूल धरा. म्हणजे एका मीटरला ९९ मेगाज्यूल, आपल्या वीजमीटरच्या भाषेत साडेसत्तावीस युनिट. खडकावर १० किलोवॉटचा झोत सतत पडला आणि जराही वाया गेला नाही, तरी एका मीटरला पावणेतीन तास. दोनशे फुटांना सात दिवस, सात रात्री. लेसर विजेतला चाळीस टक्के भाग प्रकाशात आणतो असं धरलं तर चार हजारांवर युनिट वीज.

तुमचा हॅमर यात जिंकतो, कारण तो खडक वितळवत नाही, फोडतो. फोडायला ऊर्जा फारच कमी लागते.

हाच हिशेब पर्फोरेशनला लावा. एक इंच व्यासाचं, एक फूट खोल भोक म्हणजे जेमतेम १५० घन सेंटिमीटर खडक. घन सेंटिमीटरला ५ किलोज्यूल असा सढळ हिशेब धरला तरी ५ किलोवॉटचा झोत ते अडीच मिनिटांत करतो. खोदाईत दिवस जातात, तिथे इथे मिनिटं. माझा सगळा मुद्दा या फरकावर उभा आहे.

सागरवारा

निवृत्त माणूस आहे. एकवीस वर्षं पश्चिम किनाऱ्यावरच्या समुद्रातल्या रिगवर पर्फोरेशन केलं. तुमच्या बऱ्याच म्हणण्याशी सहमत, पण दोन ठिकाणी अडतो.

पहिलं, भोकांची संख्या. तुम्ही एका भोकाला अडीच मिनिटं म्हणता. आम्ही एका फुटात सहा भोकं धरायचो. तीस फुटांचा थर म्हणजे १८० भोकं. स्फोटकांनी ती एका क्षणात होतात, लेसरने एकेक करत साडेसात तास, आणि मध्ये अवजार हलवायचा वेळ वेगळा. रिगचं भाडं तासावर चालतं.

दुसरं, खडक. मुंबई हाय १९७४ मध्ये सापडलं, १९७६ मध्ये उत्पादन सुरू झालं. तिथला मुख्य तेलसाठा चुनखडकात आहे. चुनखडकात भोकं पाडल्यावर आम्ही हायड्रोक्लोरिक आम्ल सोडायचो. भोकाभोवतीचं ते चिरडलेलं कवच आम्लात विरघळून जातं. म्हणजे तुम्ही स्फोटकांचा जो दोष सांगता तो आमच्याकडे बऱ्यापैकी धुऊन निघायचा. शिवाय तुमच्याच म्हणण्याप्रमाणे चुनखडक लेसरला महाग. मग फायदा कुठे राहिला?

तरीही हे तंत्र यावं असं मला मनापासून वाटतं, आणि त्याचं कारण वेगळं आहे. जुलैतली रात्र होती, समुद्र खवळलेला. गन, म्हणजे चार्ज भरलेली नळी, केबलने खाली सोडली, कळ दाबली. उडाली की केबलला हिसका बसतो, हात ठेवला तर पंज्याला कळतो. काहीच कळलं नाही. पुन्हा दाबली, नाही. आता ती भरलेली गन वर आणायची. सगळ्या रिगवरचे रेडिओ बंद, वेल्डिंग बंद, हेलिकॉप्टर नाही, बोट जवळ येणार नाही. साठ-सत्तर मीटर खाली ती थांबवली, डेकवरची माणसं मागे नेली, आणि आम्ही तिघे पुढे राहिलो. माझ्याबरोबरचा मुलगा पहिल्याच ट्रिपला आलेला, रत्नागिरीचा. त्याच्या हातातला पाना मला अजून दिसतो, किती घट्ट धरला होता. डेटोनेटर सुटा होईपर्यंतची ती वीस-पंचवीस मिनिटं. दोष एका जोडणीत शिरलेल्या पाण्याचा निघाला. कंत्राटदाराने घाईत तपासलेली ती जोडणी होती, आणि अहवालात आमच्याच टोळीवर ठपका आला.

लेसरचं स्विच बंद केलं की झोत बंद. कुणाला जीव मुठीत धरून वाट बघायला लागत नाही. माझ्यासाठी एवढं कारण पुरेसं आहे.

नंदिनी_ठाणे

काका, वाचताना श्वास रोखला गेला.

प्रकाशवाट

फायबर ऑप्टिक्समध्ये काम करते, पुण्यात. सगळे खडकाबद्दल बोलताहेत, पण तो प्रकाश तीन किलोमीटर खाली नेणार कसा? लेसर जमिनीवर, भोक तळाशी, मध्ये काचेचा केसासारखा धागा.

एक मायक्रोमीटरच्या आसपासच्या तरंगलांबीचा प्रकाश चांगल्या फायबरमध्येही किलोमीटरमागे पंधरा ते वीस टक्के गळतो. तीन किलोमीटरला वरून १० किलोवॉट सोडले तर खाली पाच-सहा पोहोचतात. उरलेले चार-पाच किलोवॉट फायबर जाळून टाकतील असं वाटतं, पण ते तीन हजार मीटरवर पसरतात. मीटरमागे सरासरी दीड वॉटच्या आसपास.

खरा त्रास ब्रिल्वाँ विकिरणाचा. अगदी एकाच रंगाचा, म्हणजे फार अरुंद वर्णपटाचा तीव्र प्रकाश लांब फायबरमध्ये घातला की तो काचेत ध्वनिलहरी उठवतो, आणि त्या लहरी आरशासारखं काम करून प्रकाश उलटा पाठवतात. ताकद वाढवाल तेवढा तो परत येतो, लेसरकडेच. उपाय म्हणजे प्रकाशाचा वर्णपट मुद्दाम थोडा रुंद करायचा, म्हणजे ते आरसे नीट जमत नाहीत. कोलोरॅडोत सुरू झालेल्या फोरो एनर्जी या कंपनीने अमेरिकन ऊर्जा खात्याच्या एआरपीए-ई योजनेतून पैसे घेऊन नेमकं याच्यावर काम केलं, आणि २० किलोवॉटच्या लेसरबरोबर यांत्रिक बिट जोडलं. लेसरने खडक कमकुवत करायचा आणि बिटने खरवडायचा. पुढे त्यांनी जुन्या विहिरींमधलं पोलाद कापण्याकडे मोर्चा वळवला. गारगोटीताईंचं म्हणणं इथेही खरं ठरतं.

आणि एक सांगते. हे सगळं प्रयोगशाळेच्या स्वच्छ खोलीत शक्य आहे. विहिरीत चिखल असतो, ग्रीस असतं. आमच्या प्रयोगशाळेत एकदा जोडणीच्या टोकावर धुळीचा एक कण राहिला होता. मी भिंगातून पाहिलं, काचेच्या टोकावर काळा ठिपका, त्याभोवती मोरपंखी कडी. पुढच्या क्षणी टोक गेलं. तेही काहीशे वॉटवर. तेलविहिरीच्या तळाशी १० किलोवॉटची खिडकी स्वच्छ ठेवणं हे मला सगळ्यात अवघड वाटतं.

गारगोटी

सागरवारा काका, तुमचं लिहिणं वाचून बराच वेळ काही सुचलं नाही.

चुनखडकाबद्दल तुमचं बरोबर आहे. मी मांडलं ते वाळूखडकाला जास्त लागू पडतं, आणि त्यातही ज्यात चिकणमाती आहे अशा. आम्लाने वाळूखडकातलं कवच असं सहज धुतलं जात नाही. चुनखडकात मात्र एक शक्यता आहे. लेसरने भोकाच्या भिंतीला कळीचा चुना होतो, तो आम्लात खडकापेक्षा पटकन विरघळतो. पण त्याआधी पाणी लागलं तर तो फुगून भोक बुजवेल, ही भीती आहेच. बशीतली ती भुकटी मी पाहिली आहे.

१८० भोकांचंही मान्य. म्हणून सगळीकडे ते चालणार नाही. थोडी, पण नेमक्या जागी, नेमक्या दिशेची, रुंद आणि स्वच्छ भोकं हवी असतील तिथे चालेल.

प्रकाशवाट, चिखलाचं तर आहेच. खोदताना विहिरीत भरलेल्या गढूळ चिखलातून, म्हणजे ड्रिलिंग मडमधून, झोत जातच नाही, आणि स्वच्छ पाणीही या तरंगलांबीचा प्रकाश वीतभरात बराचसा शोषून घेतं. त्यामुळे अवजाराच्या तोंडापासून खडकापर्यंत वायूची पोकळी राखावी लागते. विहिरीतल्या शेकडो वातावरणांच्या दाबाखाली ती राखायची म्हणजे काय, हे वेगळं सांगायला नको.

नंदिनी_ठाणे

भूगर्भातली उष्णता वर आणायला खोल खोदण्यासाठी लेसर नाही, सूक्ष्मलहरी वापरतात असं वाचलं. ते हेच का?

कातळकडा

त्याचं नाव क्वेझ. एमआयटीतल्या पॉल वॉस्कोव यांच्या संशोधनातून ती कंपनी निघाली. प्रकाशाऐवजी जायरोट्रॉन या यंत्रातल्या मिलिमीटर लहरी धातूच्या नळातून खाली सोडतात. लहरी लांब असल्याने धूळ-धुराचा अडथळा कमी होतो, आणि काचेचा धागा लागत नाही. २०२५ मध्ये टेक्सासमधल्या मार्बल फॉल्सच्या ग्रॅनाइट खाणीत त्यांनी शंभर मीटरपर्यंत भोक नेलं. तुलनेला, रशियातल्या कोला विहिरीने साध्या बिटने १९८९ मध्ये १२,२६२ मीटर गाठले होते. तळाशी १८० अंश तापमान लागलं आणि पुढे जाता आलं नाही. खोलवर बिट बदलायचं तर सगळे पाइप वर काढून परत सोडायचे, वेळ त्यातच जातो. बिटच न लागणारं तंत्र हवं असण्याचं खरं कारण हे आहे, त्यामुळे खोदाईचा नाद अगदीच सोडावा असं मी म्हणणार नाही, गारगोटी.

मी खडकांचा माणूस. खडकाच्या जातीवर जरा जास्त बोलायला हवं. ग्रॅनाइट तडतडतो कारण त्यात क्वार्ट्झ आहे. ५७३ अंशांना क्वार्ट्झच्या स्फटिकाची रचना बदलते आणि तो एकदम फुगतो. शेजारचे दाणे तेवढे फुगत नाहीत, म्हणून कपच्या सुटतात. आपल्या दख्खनच्या बेसॉल्टमध्ये क्वार्ट्झ जवळजवळ नाही. तो मुकाट तापतो आणि थेट वितळायला लागतो, म्हणून जतच्या दादांचा हिशेब वितळण्याच्या आकड्यानेच करावा लागला. कोयनेचे भूकंप अभ्यासायला गोठणे इथे २०१७ मध्ये ३,०१४ मीटर खोल विहीर पूर्ण झाली. तिथे वरचा सव्वा किलोमीटर बेसॉल्ट, खाली ग्रॅनाइटजातीचा पाया. एकाच विहिरीत लेसर वर निरुपयोगी आणि खाली कामाचा, असं झालं असतं.

जतकर_बोअरवाले

कातळकडा सर, हे वाचून एक आठवलं. कोप्पळकडे बोअरला गेलो होतो, तिथे दगडफोडे ग्रॅनाइटवर लाकडं पेटवून जाळ पुढे पुढे सरकवत नेत होते. खालून आवाज यायचा, आणि वीतभर जाडीची फळी सुटून वर यायची. सुरुंग नाही, काही नाही. म्हातारा दगडफोड्या काठीने दगड वाजवून सांगायचा, इथपर्यंत सुटला. तुमचा लेसर हेच करतो का?

आमच्या गावात लोहाराची भट्टी आहे. ओट्याच्या काळ्या ग्रॅनाइटचा तुकडा आणि बोअरमधला पाषाण तापवून बघू का?

कातळकडा

तत्त्व तेच, दादा. उष्णतेने वरचा थर फुगतो, खालचा गार राहतो, म्हणून फळी सुटते.

प्रयोग करा, पण ओट्याचा काळा दगड घेऊ नका. बाजारात त्याला ग्रॅनाइट म्हणतात, प्रत्यक्षात तो बहुतेक वेळा बेसॉल्टचाच भाऊबंद असतो. गुलाबी किंवा लालसर तुकडा घ्या. दोन्ही तुकडे आधी दोन-तीन दिवस उन्हात वाळवा. आत ओल राहिली तर दगड फुटून अंगावर येतो. हळूहळू तापवा, समोर पत्रा धरा, डोळ्यांना चष्मा लावा, पोरांना जवळ येऊ देऊ नका.

जतकर_बोअरवाले (आठ दिवसांनी)

केला. तुम्ही सांगितलं तसं पत्रा लावून. दोन्ही तुकडे लालभडक होईपर्यंत तापवले, अर्धा तास. गुलाबी दगड लाल व्हायच्या आधीच टिक-टिक वाजायला लागला, दोन कपच्या पत्र्यावर आपटल्या. गार झाल्यावर हातोडीचा हलका ठोका दिला तर भाजलेल्या विटेसारखा ढासळला, दाणे दाणे मोकळे. काळा पाषाण लाल झाला, एक बारीक चीर गेली, गार झाल्यावर पुन्हा काळा. हातोडी मारली तर आधीसारखीच उसळली.

लोहारकाका म्हणाले, त्यांच्या वडिलांनी भट्टीच्या तोंडाला पाषाणच बसवला होता, तो अजून आहे.

गारगोटी

दादा, गुलाबी दगडाच्या त्या चुऱ्यातले काचेसारखे करडे दाणे वेगळे काढता येतील का? ते क्वार्ट्झ. एखादा दाणा भिंगाखाली धरून बघा, आत आडव्यातिडव्या बारीक भेगा दिसायला हव्यात. फोटो निघाला तर इथे टाका. आणि तो पाषाणाचा तुकडा फेकू नका, चीर किती खोल गेलीय ते मला बघायचंय.